साऱ्या स्टँडचं पेट्रोल

तेर, ता. ८ ऑक्टोबर २०२५

चि. भागवत यास,

सखूवहिनीचा आशीर्वाद. इकडची खुशाली आधी लिवायची असती, पण ती मागनं सांगते. तुझा नंबर तुझ्या आईच्या मोबाईलात व्हता आणि मोबाईल पुरात गेला. तुझा फोन लागला नसंल तर तू शेजारी कुणाला तरी इचारायचं व्हतंस. असू दे. आमच्या रिक्षा स्टँडवरचे मुनवरभाई लेकीकडं पुण्याला चाललेत, त्यांना तुझी खोली ठावं हाय. त्यांच्या हाती हे पत्र देते. मी चौथीच शिकले, अक्षराला हसू नको.

तेरणेचं पाणी खालच्या आळीत शिरलं. तुमच्या घरात गुडघाभर व्हतं. ज्वारीचं पोतं भिजलं, भिंत उभी हाय. आमचे मालक बरे हायेत. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासनं रिक्षा मीच चालवते, ते तुला म्हाईतच हाय.

पण रिक्षा चालवायची कशावर? नदीकडच्या पंपाच्या टाकीत पुराचं पाणी गेलं, तो बंद. रस्ता खचला म्हणून दुसरीकडं टँकर येईना. फाट्यावर एक जण बाटलीतनं इकायला बसला, जवळजवळ दुप्पट भावानं. मुनवरभाई त्याला म्हणले, "अरे, पेट्रोल देतोस का अत्तर?" सगळे हसले, आणि हसत हसत घेतलंच. न घेऊन जातो कुठं? नवरात्रात तुळजापूरच्या भाड्यावर आमचं वरीस निघतं, ते सगळं बुडालं. भाडं वाढवलं तर बाया म्हणत्यात, "सखू, पूर काय तुझ्या एकटीच्याच दारात आला व्हता व्हय?" त्यांचंबी खरं हाय. स्टँडवर रोज भांडण. शिवप्रसादची आणि माझी नंबरावरनं चांगलीच जुंपली. तो सगळ्यांदेखत म्हणला, "बाईमाणूस म्हणून गप बसतोय." म्या म्हणलं, "बसू नको. बोल, मलाबी येतंय." तू पुण्यात गाडीच चालवतोस. टाकी कोरडी पडली की माणसाचं डोकं कसं व्हतं, तुला सांगायला नको.

आता तुझ्या आईचं.

सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला धाराशिवला न्यायचं काम माझ्याकडंच हाय. पूर वसरल्यावर सोमवारी मी दारात रिक्षा लावली तर त्या उंबऱ्यातच बसलेल्या. लुगडंबी बदललं न्हाय. म्हणल्या, "सखू, आज जा तू. भागवत येतोय गाडी घेऊन. तोच नेणार हाय." म्या म्हणलं, "बरं आत्या," आणि रिक्षा वळवली. गुरुवारी परत गेले तर म्हणल्या, "वाटंत अडकला असंल, रस्ते बंद हायेत ना." म्या परत "बरं" म्हणलं.

शनिवारी सकाळी शेजारची करिश्मा पळत आली (तुझी बायको करिश्मा न्हवं, सुताराची सून). तुझ्या आईचं तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, आडवं व्हता येईना, बसून नुसती धाप. अँब्युलन्स खचलेल्या रस्त्याच्या पल्याड अडकलेली. आणि माझ्या टाकीत गावाबाहेर पडायपुरतंबी पेट्रोल न्हाय.

मी स्टँडवर पळाले. डोक्यावरचा पदरबी ध्यानात न्हवता. म्हणलं, "सिताबाईला न्यायचंय, मला पेट्रोल द्या." जो तो आपल्या टाकीकडं बघायला लागला. देणार काय, एकेकानं दुप्पट भावानं घेतलेलं, त्यावर त्यांच्या घरची चूल. मग मुनवरभाईंनी डिकीतनं नळी काढली, सोताच्या टाकीत घातली आणि तोंडानं ओढली. पेट्रोल तोंडात गेलं, थुकले, शिवी हासडली आणि कॅन भरायला लागले. ते बघून शिवप्रसाद उठला. तोच, नंबरावरनं भांडलेला. टाकीचं झाकण उघडून म्हणला, "वहिनी, माझ्यातलंबी काढा. आपलं भांडण उद्या करू." मग एकेक करून साऱ्या स्टँडनं दिलं. पोर गोरोबा म्हणला, "मला उद्या भाडं हाय ओ." मुनवरभाई म्हणले, "मलाबी हाय. ओत."

लांबच्या वळशानं नेलं. करिश्मा मागं त्यांना धरून बसली व्हती. वाटंत तुझी आई धापा टाकत मला म्हणली, "सखू, पेट्रोल लई महाग झालंय म्हणत व्हतीस ना गं."

भागवत, हेच लिवायला मघापासनं हात मागं सरतोय. त्या सोमवारी रिक्षा दारात लावताना मी मोठ्यानं बोलले व्हते. चाक चिखलात रुतलं आणि मी म्हणलं, "एकीसाठी एवढा वळसा, पेट्रोल काय फुकट येतंय?" ते त्यांनी ऐकलं. म्हणून तुझं नाव घेतलं. फुकट बसणाऱ्यातल्या त्या न्हवंत, आणि त्यांना कुणाला जडबी व्हायचं न्हाय.

आणि मला ठावं व्हतं तू येणार न्हाईस. उन्हाळ्यात पुण्यासनं तुझ्या बायकोशी भांडून त्या आल्या, तू फोनवर "आता मी त्या घरात पाय ठेवत न्हाय" म्हणलास, ते म्या माझ्या कानानं ऐकलंय. तरी दोन्ही बारीला म्या "बरं" म्हणलं. खरं सांगू का, रिक्षा वळवताना मला हलकं वाटलं. एक खेप वाचली. बाटलीवाल्याला नुसत्या शिव्या दिल्या, पण माझ्याबी मनात त्याच्यासारखाच हिशोब चालला व्हता.

आता त्या बऱ्या हायेत. मशीन दोनदा लावली. सूज उतरली, पेज पितात, नर्सला नावं ठेवत्यात, म्हंजी जीव हाय अंगात. पण डॉक्टर म्हणले, परत खाडा झाला तर सांगता येणार न्हाय. पुढच्या बारीला मीच नेणार, पेट्रोल कितीबी असू दे. तुझ्या आईनं "नको" म्हणलं तरी उचलून नेणार.

तुला दोष द्यायला लिवत न्हाय. व्हय, जरा देतेच. त्यांना पुण्याला ने असं म्हणत न्हाय, त्या येणार न्हाईत, तुमचं तुमी बघा. तू नुसता ये. चार दिस उशाशी बस. त्या तुझ्याशी भांडतील, भांडू दे. तिकडंच टाकी भरून ये, इकडचा भरवसा न्हाय.

एक सांगायचं राह्यलं. दवाखान्यात कागदावर सही मागितली. तिथली बाई म्हणली, "तुम्ही पेशंटच्या कोण?" शेजारीण म्हणलं असतं तर तिथंच अडवलं असतं. म्या "लेक" म्हणलं आणि सही केली. तुझी आई सगळं ऐकत व्हती. तिनं न्हाय म्हणलं न्हाय.

तेव्हा खोटी का असंना, तू येस्तवर,

तुझी थोरली बहीण
सखू