बेटावरच्या साळुंक्या

सखे,
समुद्रापलीकडून तुला सप्रेम आठवण. माझी तब्येत ठणठणीत आहे. आपली लेक पक्षी वाचवण्याच्या कामापायी दिवसभर बेटावरचे पक्षी मोजत हिंडते.

काल अंगणात आपल्याकडच्या साळुंक्या दिसल्या. गाववाले भेटल्यासारखं वाटलं, म्हणून मूठभर भात टाकला. लेक कडाडली, "बाबा, यांना हुसकावता हुसकावता आमच्या नाकी नऊ आले आणि तुम्ही पंगत मांडलीत?"

कुणीतरी हौसेनं आणलेल्या या साळुंक्यांनी इथल्या निळ्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावल्या. जहाजांतून आलेल्या उंदरांनी त्यांची अंडी फस्त केली. आता ते गोड गळ्याचे पक्षी अकराच उरलेत. फळं खाऊन बिया पसरवणारे तेच, त्यामुळे त्यांच्या जिवावर रानभर रुजणारी झाडंही विरळ झाली. लेक म्हणते, घरच्याची जागा अशी हळूहळूच जाते.

तुझ्या पत्रात पोस्टमास्तर तीनदा आले. रोज संध्याकाळी येऊन शाळेतल्या कविता चालीवर म्हणतात म्हणे. गृहस्थ सज्जन आहेत, मी कुठे नाही म्हणतो? पण माझ्याच खुर्चीत बसतात का?

मुक्काम आवरता घेऊन शनिवारी निघतोय. लेकीला सांगितलंय, तुझी कंबर धरलीय. तिचा फोन आला तर जरा कण्हून बोल.

सगळी कडवी अजून तोंडपाठ असलेला,
तुझाच