अर्जात ‘कायम’ लिहिलं

ता. ३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली! म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात, मदतनीस म्हणून. बारा दिवस झाले. पाय इतके भरून येतात की चपला काढल्या तरी घातल्यासारख्याच वाटतात. तू सव्वीस वर्षं वॉर्डातली मावशी म्हणून हेच कसं निभावलंस, देव जाणे.

एक सांगायचं आहे. नर्सिंगच्या प्रवेशाला तीन महिने प्रत्यक्ष कामाचा दाखला लागतो, आणि कॉलेज ऑगस्टात सुरू. आधी दोन ठिकाणी खरं सांगितलं, की चारच महिने आहे. दोन्हीकडून बसा न म्हणता वाटेला लावलं. म्हणून इथे अर्जात ‘किती काळ राहाल’ याच्यापुढे सरळ ‘कायम’ लिहिलं.

मला शिकवतात त्या जुन्या मावशी गुडघ्यांनी हैराण आहेत. त्यांचं ऑपरेशन याच महिन्यात होतं, पण मी नीट तयार होईपर्यंत थांबते म्हणाल्या. आता ऑगस्टात करणार.

मेट्रन चौकशीसाठी तुला फोन करतील. कॉलेजचं तेवढं पोटात ठेव. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

ता. ७ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून चष्मा दोनदा पुसला. दोष चष्म्याचा नव्हता. मी चौथीत शाळा सोडली, वाचायला औषधांच्या बाटल्यांवरून शिकले, तरी माझं बरं.

मेट्रनबाईंचा फोन काल येऊन गेला. कामाला वाघ आहे, सकाळी उठायला मात्र हाका माराव्या लागतात, एवढं सांगितलं. किती दिवस राहणार ते त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही. मग दिवसभर जेवण गोड लागलं नाही. पुन्हा फोन आला तर खरं बोलेन, आधीच कळवते.

त्या दोन ठिकाणच्या लोकांचा मला राग येत नाही बघ. नवी मुलगी आली की जुनीला दुप्पट राबावं लागतं. तिला शिकवायचं, तिचं निस्तरायचं, वर रुग्णाला तिच्या हाताची सवय लावायची. आमच्याकडे एक अंग लुळं पडलेल्या बाई होत्या. मी शिकवलेल्या एका मुलीच्याच हातून जेवायच्या. ती दीड महिन्यात न सांगता गेली. बाईंनी चार दिवस तोंड मिटून घेतलं. मी चमचा धरून बसायचे, त्या दाराकडे बघायच्या. चिडायचं तरी कुणावर? त्या मुलीलाही पोट होतंच.

चार महिने काही थोडे नाहीत गं. पण ते चारच आहेत हे तुझ्या मावशींना कळायला नको? ऑगस्टात त्या खाटेवर, तू कॉलेजात, मग तिथल्या माणसांची कूस कोण बदलणार? आधी त्यांना सांग, मग मेट्रनना. काढून टाकलं तर इकडे ये, रड, झोप. मग पुढचं बघू.

हात दुखायला लागला, थांबते. माया होती तेवढीच आहे.

आत्या

ता. १६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पत्र तीन दिवस पिशवीत घेऊन फिरले, मग आधी मावशींना सांगितलं, मग मेट्रनना.

मेट्रननी आवाज चढवला नाही, तेच जड गेलं. अर्ज काढून माझ्याच हाताने ‘कायम’ खोडायला लावलं, शेजारी सही घेतली. ठेवायचं की नाही ते उद्या सांगते म्हणाल्या. प्रवेश गेला असंच धरून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच मेट्रनकडे गेल्या. त्यांना तीनच महिने विश्रांती लागणार. आत्ता ऑपरेशन केलं तर जुलैत परत येतील, तोवर मी आहे. म्हणजे मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर त्यांनी तारीख पुढे ढकललीच नसती. बाई गं, माझ्या खोटेपणापायी त्या इतके दिवस जिने चढत होत्या.

मला ठेवलंय. सोमवारपासून अकरा खाटा माझ्या एकटीच्या. भीती वाटते.

आज मावशींचा शेवटचा दिवस होता. कोपऱ्यातल्या आजोबांना एकटीने कुशीवर वळव म्हणाल्या, आणि हात मागे बांधून बघत राहिल्या. जमलं. मग विचारलं, तू जाणार कोणत्या तारखेला? मी एकतीस जुलै सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं.

खूप दमले आहे. तू मात्र लिहीत राहा.

तुझी,
ठमी