आई म्हणजे पाइपलाइन नव्हे

प्रिय बारक्या,

आई घरी आली. जेवते, चालते, माझ्यावर खेकसते. म्हणजे बरी आहे. फोनवर बोलायला गेले की ती कान टवकारून बसते, म्हणून लिहितेय. माझं डोकं अजून फिरलेलंच आहे, तेव्हा बसून वाच.

आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध दिलं होतं. सोबतच्या कागदावर स्पष्ट होतं: गाळलेलं सूप, मीठ-साखरेचं पाणी घ्या, नुसतं साधं पाणी पीत राहू नका. मी सूप करूनही ठेवलं. तेवढ्यात तुझा फोन! बीपी आहे, मीठ अजिबात नको, साधंच पाणी पी, शौच नितळ होईपर्यंत पीत राहा. अरे शहाण्या, तू कारखान्यातल्या पाइपलाइनी धुतोस, म्हणून आई काय पाइपलाइन आहे? आणि तिचं काय सांगावं! लेकानं सांगितलं ना, मग झालं. माझं सूप बेसिनमध्ये ओतलं आणि ग्लासामागून ग्लास रिचवले.

सकाळी ती मला मावशी समजून बोलायला लागली. चष्मा किटलीत घालत होती. मला आधी हसूच आलं, मेलं! मग तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि ती ओट्याशीच कोसळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं सोडियम घसरलंय. जुलाबावाटे गेलं, बीपीच्या गोळीने लघवीवाटे गेलं, आणि उरलेलं त्या पाण्यात पातळ झालं. तेही हळूहळूच वाढवायचं, घाई केली तर मेंदूला इजा. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून मी तुला दिलेल्या शिव्या कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि शुद्धीवर आल्यावर आईसाहेब डॉक्टरीणबाईंना सांगतात काय, तर मलाच तहान लागली, मीच ढोसलं. तुझं नावसुद्धा नाही! मी तोंड उघडलं, तर माझ्यावरच डोळे वटारले!

तपासणी राहिलीच. शौचातून रक्त अजून जातंय. या वेळी दाखल करून, औषध बदलून, मधूनमधून रक्त तपासत करू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आई ठाम नाही म्हणते. पुन्हा काही झालं तर पोराच्या जिवाला लागेल म्हणे! म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, ये. तिच्यासमोर बस आणि सांग, आई, माझं चुकलं, आता डॉक्टरांचं ऐक. तुझ्या शब्दावर ती जाईल. तिचं पथ्य, गोळ्या, आजारपण सगळं मी काढते, पण माझ्या शब्दाला इथे काडीची किंमत नाही. यासाठी मला तुझ्याहून जास्त तिचा राग येतो रे. पण ती मला हवी आहे. नीघ.

तुझीच,
ताई