खारट पाणी

मंगळवार, संध्याकाळ
परभणी, दवाखाना

आबांना आत्ता झोप लागली. उद्या सकाळी ऑपरेशन.

टीबीच्या गोळ्या चालू असूनही खोकला हटत नव्हता. काल राणीसावरगावला मेंढरं कोंडताना ढास लागली आणि तोंडातून भडाभडा खारट पाणी आलं. त्यात द्राक्षाच्या सालीसारखा पांढरा पापुद्रा. मग अंगभर गांधी उठल्या, दम कोंडला. दादानं जीपमध्ये घालून इथं आणलं. इंजेक्शनांनी जीव वाचला.

स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वडलांना टीबी नव्हताच. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली, की फुप्फुसात अशी पाण्याची पिशवी वाढते. उजवीकडची फुटली. डावीकडची फुटायच्या आत काढायची आहे. मेंढी कापली की आतडी, काळीज कुत्र्याला टाकता का? त्यातूनच त्याला हे जंत होतात."

दादा मान खाली घालून उभा राहिला. आमच्या कुत्र्याला, काळूला, आम्हीही टाकतो; गावात सगळेच टाकतात. कुणाला ठाऊक होतं?

ते खारट पाणी डोळ्यांपुढून हलत नाही. तसलंच अजून आत भरलेलं आहे.

दादा दुपारी गावी गेला. मघाशी त्याचा फोन आला. "काळूला संपवलं."

त्यानंतर, झोपायच्या आधी, आबा म्हणाले, "दादाला सांग, काळूला मारू नको म्हणावं. मुक्या जिवाला काय कळतंय? त्यालाबी गोळ्या असत्यात म्हणल्या बाई."

"बांधून ठेवलाय, आबा."

"भाकर घातली का त्याला?"

मी हो म्हणाले.