पहिलं मोडकं वॉफल

बाबा,

आईच्या मृत्यूचा दाखला आणायला खालापूरला जातेय. नाचणीचं पीठ भिजवून ओट्यावर ठेवलंय. दादाची पोरं उठली की वॉफल करा. साच्याला तूप लावा. तरी पहिलं चिकटून मोडेलच. आईचंही मोडायचं. ते ती ओट्यापाशी उभ्यानंच खायची आणि म्हणायची, "माझं झालं गं, तुमी बसा." आपल्याला कायम अख्खी मिळाली.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तेव्हापासून "तिचं काय राहिलं" म्हणत तुम्ही भरल्या ताटावरून उठताय. मलाही ठाऊक नाही. पण आज मोडकं तुम्ही खा. दुसरं, अख्खं, गरम असतानाच परसातल्या कट्ट्यावर तिच्यासाठी ठेवा आणि आत या. कावळा आला का, ते मी आल्यावर बघेन. तुम्ही पोरांबरोबर बसून खा.

हर्षला