कोठ्यातला दिवा

कोसमटोला, पोस्ट सालेकसा
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९३५

तीर्थरूप शिवलालदादा यांस,

धाकट्या रामकलीचा नमस्कार. भौजींनाही नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. गोंदियाच्या नव्या घराला रंग लावून झाला असं कळलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मोहाला कळ्या धरल्या आहेत. तुमची काळी गाय गाभण आहे.

आपला जुना गडी मनिराम काल तुमचा निरोप घेऊन आला. अंगणात उभं राहून त्याला तो दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा सगळं कळूनही मी 'काय?' असंच म्हटलं. द्वादशीला भंडाऱ्याहून साहेब खदान पाहायला येणार. वस्तीच्या घरापासून आणि सरकारी सडकेपासून दोनशे हातांच्या आत सुरुंग लावायचा नाही, असा नियम आहे. कोतवालाने मागेच डफडं वाजवून तो साऱ्या टोल्याला ऐकवला होता, आणि ऐकून सगळे आपापल्या कामाला गेले होते. आपलं हे घर टेकडीच्या पायथ्याशी. दोनशे काय, त्याच्या निम्म्यातही बसेल. म्हणून त्या दिवसापुरता ह्या घराचा बैलांचा कोठा करायचा. चूल मोडायची, ओसरीत बैल बांधायचे, स्वयंपाकाच्या जागी तणीस भरायचं. मी सकाळीच टोल्यातल्या दुलीचंदच्या घरी जाऊन बसायचं, आणि कोणी विचारलं तर मी तिथंच राहते म्हणून सांगायचं.

"एका दिवसाचं तं काम आहे बाई," मनिराम म्हणाला. म्हणजे तुम्ही म्हणालात. त्याच्या तोंडी ते बोल बसत नव्हते, खाली पाहूनच बोलला.

दादा, तुमची अडचण मला समजते. गावचे मालगुजार तुम्ही. खदानीचा ठेका ईश्वरदास शेटचा असला तरी गिट्टी स्टेशनवर नेणाऱ्या गाड्या तुमच्या, आणि त्याला शब्दही तुम्हीच दिलेला. खदान आहे म्हणून टोल्यातले लोक उन्हाळ्यात घरी आहेत, नाही तर अर्धे आसामच्या चहाच्या मळ्यांत गेले असते. हे मी नाकारत नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती. परवा सुरुंगाचा बार उडाला तेव्हा एक दगड छपराचं कवेलू फोडून आत आला. मी अंथरूण टाकते त्या जागी पडला. मी तेव्हा विहिरीवर होते, त्यामुळे काळजीचं कारण नाही. दगड दाराला टेकू म्हणून ठेवला आहे, चांगला कामाचा निघाला. सडकेवर लाल झेंडा लावायचा नियम आहे, तर शेटची माणसं फाटक्या लुगड्याचा पदर बांबूला बांधतात. तोही आठवण झाली तर लागतो. मागच्या बाजाराला धनलालच्या गाडीचे बैल उधळले ते बार उडाल्यावरच, झेंडा पाहून नव्हे.

मला भीती वाटते ती अशी. साहेबांनी 'कोठा' म्हणून लिहून नेलं की ते एका दिवसाचं राहणार नाही. मग सुरुंग भिंतीपर्यंत आले तरी विचारणारा कोण? तुम्ही गोंदियाला खोली देईन म्हणता, आणि द्याल हेही जाणते. पण तिथं मी भौजींच्या घरात पाहुणी असेन. इथं माझ्या हातची चूल आहे.

आणि चौरीचं काय करायचं ते निरोपात नव्हतं. बाबांनी आपल्या हातांनी घातलेली कुळदेवाची, दूल्हादेवाची, ती मातीच्या ओट्याची चौरी आतल्या खोलीत आहे. तुम्ही ती गोंदियाला नेणार होता, ते दर वर्षी पुढं जातं. आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगावी. कुळाच्या माणसाशिवाय त्या खोलीचा उंबरा कोणी ओलांडत नाही. मी दिलेली लेक, परक्या कुळाची झाले. नवरा गेल्यावर परत आले, तरी तो उंबरा मला बंद तो बंदच. मी बाहेरून झाडते आणि बाहेरूनच हात जोडते. सणावाराला तुम्ही येता तेव्हाच तिथं दिवा लागतो. मग तणीस चौरीपुढं भरायचं का, कोणी भरायचं, एवढं कळवावं.

बाकी तुम्ही म्हणाल तसं करीन. तुमचं बोलणं मी आजवर मोडलं नाही. उत्तर लवकर यावं.

आपली आज्ञाधारक,
रामकली


कोसमटोला
फाल्गुन वद्य चतुर्थी

शिवलालदादांना नमस्कार.

पंचमीच्या पत्राला उत्तर आलं नाही. द्वादशीला तुम्ही स्वतः आलात, पण बोलायला सवड नव्हती, आणि साहेबांची मोटर गेल्यावर तुम्ही न जेवता निघून गेलात. होळीलाही आला नाहीत. होळी मालगुजाराने पेटवायची, म्हणून लोक बराच वेळ थांबले. शेवटी दुलीचंदने पेटवली. पेटायची तशी पेटली, पण कोणी फारसं गायलं नाही.

मोह टपकू लागला आहे. पहाटे टोपली घेऊन जाते. वाकून वेचताना बरं वाटतं, घरात आलं की वाटत नाही.

साहेबांच्या हुकमाने सुरुंग बंद झाले आहेत. आता मी सुखाने बसायला हवं, नाही का? पण दुपारचा बार उडायची वेळ झाली की पाय आपसूक अंगणात येतात. छपराखालून निघून मोहाखाली उभी राहते. काही होत नाही. तशीच उभी राहते, मग आत येते, पुन्हा बाहेर जाते. काल तीन दगडांवर ठेवलेला भात लागला तो ह्याच पायी. हे पत्रही मी तिसऱ्या बैठकीत लिहिते आहे. तुम्ही लहानपणी खळ्यातल्या धुळीत बोट धरून अक्षरं गिरवून घेतलीत, तेव्हा म्हणायचात, रामकली एका जागी बसत नाही, हिचं अक्षर कधी सरळ येणार नाही. तसंच झालं.

आज मनिराम गाठोडं घेऊन दारात आला. म्हणाला, "जाऊन राहिलो बाई. राजनांदगावले गिरणीत काम भेटते म्हंतेत."

"काऊन जातं?" मी विचारलं.

"मालकानं सांगतलं, गावात दिसू नको. म्हंतेत, कोठ्यातला दिवा तूच लावला, नाही तं बाईनं लावाले सांगतलं."

मी त्याला म्हटलं, थोडं थांब, चूल घालायची आहे, नाल्यावरची चिकणमाती आणून दे. जुनी चूल त्यानेच मोडली होती, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. आत्ता तो माती आणायला गेला आहे. मी लिहायला बसले आहे.

त्या दिवशी तुम्ही सडकेवर ईश्वरदास शेटजवळ उभे होता. घरात काय झालं ते तुम्हाला दुसऱ्यांकडून कळलं असेल, आणि सांगणाऱ्यांनी आपापलं मीठ लावलं असेल. मी अंगणात होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुलीचंदकडे निघाले होते, गाठोडं डोक्यावर होतं, पण पाऊल उचलेना. मोहाखालीच उभी राहिले.

मनिरामने काम चोख केलं होतं. ओसरीत बैल, त्यांच्यापुढं तणीस, चुलीच्या जागी शेण सारवलेलं. चौरीच्या खोलीकडे मात्र तो फिरकला नाही. मला म्हणाला होता, "ओसरीत बैल बांधतो बाई, पन तिकडं पाय नाही टाकत. मी कायले पापात पडू?" दार लोटून त्यापुढं तणसाचा भारा उभा केला म्हणजे झालं, असं त्याने ठरवलं होतं.

आधी गोवर्धन पटवारी आत गेला. तो तुमचाच माणूस. कोठा पाहिला, लिहून घेतलं, असं त्याने मोठ्याने म्हणायचं ठरलेलं होतं. साहेब त्याच्या मागोमाग ओसरीपर्यंत आले आणि बैलांच्या शेपटांना भिऊन बाजूला उभे राहिले. गोवर्धनने भारा सरकवला, दार ढकललं. मग तो तिथंच थांबला आणि त्याने जोडे काढले.

त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याच पोवार जातीचं पोर, चौरीपुढं दिवा दिसला, पाय आपोआप जोड्यांतून बाहेर आले. हातात कागद, बगलेत छत्री, आणि पाय उघडे. साहेबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. म्हणाले, "कोठे में जूते कौन उतारता है, पटवारी?"

गोवर्धनने छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. साहेबांनी वाकून आत पाहिलं. पुढं त्यांनी विचारलं, "और बैलों के लिए दिया भी जलाते हो?" बैल आपले तणीस खात होते.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. गाठोडं डोक्यावर घेतलेली बाई अंगणात उभी, एवढं त्यांना पुरलं असावं. तरी विचारलं, "बाई, यहाँ कौन रहता है?" माझं तोंड उघडायच्या आत ते मोजणीची साखळी धरलेल्या जरीबवाल्याकडे वळले आणि भिंतीपासून खदानीपर्यंत मोजायला सांगितलं. दादा, मी काय बोलले असते ते मला अजून माहीत नाही. दुलीचंदकडे राहते, हेच म्हणायला मी जीभ तयार केली होती. म्हटलं असतं की नसतं, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मनिराम माती घेऊन आला. मध्ये उठावं लागलं. ही माती भुसभुशीत आहे, दुसरी आण, म्हणून परत पाठवला. माती चांगली होती.

तर दिव्याचं.

मनिरामने लावला नाही. बाबांच्या वेळेपासून तो ह्या अंगणात राबतो, पण चौरीचा उंबरा त्याने आजवर ओलांडलेला नाही, आणि पापाला भिणारा माणूस त्याच दिवशी ओलांडेल हे तुम्हालाही पटत नसणार. मी लावला नाही. मला तो हक्कच नाही. भौजी गोंदियाला होत्या. आता तुम्हीच बोटं मोजा. त्या सकाळी ह्या घरात तो उंबरा ओलांडू शकणारं माणूस कोण होतं?

मी हे आधीच लिहायला हवं होतं. गायीची, मोहाची बातमी लिहीत बसले, कारण एकदा लिहिलं की तुम्ही रागावून ह्या घराकडे पुन्हा पाहणार नाही, असं भय वाटतं. पण मनिराम किती वेळा माती आणील?

दादा, आता 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही. दिवा तू लावलास.

साहेब यायच्या आधी तू सगळं ठीक आहे का ते पाहायला एकटा घरात आलास. बैल पाहिलेस, चुलीची जागा बुटाच्या टोकाने दाबून पाहिलीस. मग भारा सरकवून आतलं दार उघडलंस आणि तसाच उभा राहिलास. मला वाटलं, आता चौरीवर तणीस टाकायला सांगतोस. तू वाकून बुटाच्या नाड्या सोडल्यास. आत गेलास. बाबांच्या कोनाड्यातली तेलाची कुपी कुठं आहे हे तुला अंधारातही माहीत होतं. खिशातल्या काडीपेटीने, जिने तू सिगारेट पेटवतोस, वात लावलीस. हात जोडलेस. बाहेर येऊन दार लोटलंस, भारा होता तिथं सरकवलास, तेलाची बोटं धोतराला पुसलीस, बूट चढवलेस आणि मनिरामला विचारलंस, "बैलाले पानी दाखवलं का?" तुझा आवाज नेहमीचाच होता.

तुला हे आठवत नसेल यावर माझा विश्वास आहे. खोटं बोलून मनिरामला काढशील असा तू नाहीस. घरी आलं की आधी चौरीला दिवा, असं बाबांनी आपल्याला काठीच्या धाकाने शिकवलं. सवयीने हात चालले, डोकं साहेबांकडे होतं. मी पाहत होते आणि गप्प राहिले. मला वाटलं, तू ठरवूनच लावलास, तुझं मन फिरलं. तू सडकेकडे गेलास तेव्हा मी गाठोडं खाली ठेवणार होते. मग तू शेटशी हसून बोलताना दिसलास आणि माझ्या काहीच ध्यानात येईना.

तुला दोष द्यायला मी लिहीत नाही. उलट ते आठवलं की मला रडू येतं आणि बरंही वाटतं. ईश्वरदास शेट टेकडीच्या पलीकडच्या अंगाने खोदणार असं ऐकते. तिकडं ना घर, ना सडक. गाड्यांना फेरा पडेल, पण लोकांचं काम राहील. शेटपुढं तुझा शब्द गेला, हे मात्र खरं आहे, आणि त्याचा राग कोणावर तरी निघायचाच. तो माझ्यावर काढ. मी बहीण आहे, मला तुझा राग नवा नाही. मनिरामला राजनांदगावला ह्या वयात गिरणीत उभं करू नकोस. त्याने तुझ्या देवाच्या उंबऱ्याचा मान तुझ्याहून जास्त राखला.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्याने पाहिलं असेल तर तोही बोलला नाही.

चूल अर्धी झाली आहे. ती पुरी झाली की त्याला अडवायला माझ्याजवळ निमित्त उरणार नाही. हे पत्र आज सालेकशाच्या टपालात पडलं तर उद्या तुझ्या हाती येईल. तोवर चूल मी पुरी होऊ देत नाही, परवाच्या गाडीने निघालास तर तो इथंच भेटेल.

दिवा त्याच दुपारी विझला. वात काळी होऊन पणतीत तशीच आहे, उंबऱ्यावरून दिसते. मला आत जाता येत नाही, मनिरामला येत नाही. तू ये.

उंबऱ्याच्या अलीकडे उभी असलेली,
तुझी रामकली