साठ पावलांवरची गोळी

१२ मार्च

पोचलो एकदाचा! लॉरीने न्यामुरोवेच्या फाट्यावर उतरवलं तेव्हा अंगावर एवढी धूळ होती, की गणवेश खाकी आहे की लाल ते मलाच कळेना. पण स्वागत काय झालं! बायकांनी उलूलू करून रान उठवलं. गावप्रमुख चिपानेरा टोपी काढून पुढे आले, ओंजळीने टाळ्या वाजवत त्यांनी विचारपूस केली. कोंबडी, भेंडीची पातळ भाजी आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट साद्झाचा असा ढीग वाढला की उठताना हात टेकावा लागला.

घर एका खोलीचं, पण विटांचं. वर पत्रा, दाराला भक्कम कडी, समोर बोरीची सावली. आणखी काय पाहिजे माणसाला? पंधरवड्याने रेवाई येईल माइदेईला घेऊन. माइदेईला दोन दात आलेत म्हणे, आणि दिसेल त्याला चावते. बापावर गेलीय.

आमच्या कुळाचं देवक माकड, म्हणून इथेही सगळे मला सोकोच म्हणायला लागले. त्यात ग्वातिद्झो नावाचा म्हातारा भेटला. त्याचं कूळ सोको लोकांचं साह्विरा निघालं, म्हणजे झालंच! आम्हाला वाटेल ते बोलायचा त्याला हक्क. आम्ही मेलो की खड्डा तोच खणणार, आमचे कपडे घालून आमची नक्कलही तोच करणार. पहिल्याच घासाला म्हणाला, हत्ती पीक खातात म्हणून सरकारकडे माणूस मागितला, तर त्यांनी माकड पाठवलं. लोक लोळले हसून. मीही हसलो. साह्विरावर रागावून चालतंय का?

१५ मार्च

तीन दिवस शेतं फिरतोय. ज्वारी भरात आलीय आणि रोज कुणाची तरी आडवी होते. न्होंगो आजीचं शेत तर अगदी मोपानेच्या झाडीला लागून. म्हातारी दिवसभर डबा बडवत बसते बिचारी.

आज बोरीखाली गडीमाणसं जमली, तेव्हा म्हटलं जरा शिकवावं यांना. हत्ती म्हणजे भिंत नव्हे, कुठेही मारली की लागली. डोक्याची गोळी वीस-पंचवीस पावलांवरून, त्याहून लांबून नाही. तो आडवा उभा हवा. डोळा आणि कानाचं भोक यांच्यामध्ये रेघ धरायची आणि भोकाच्या किंचित पुढे मारायची. समोरून असेल तर एका कानातून दुसऱ्या कानात काठी घातलीय असं समजायचं, गोळीने ती काठी मधोमध मोडली पाहिजे. त्याने डोकं वर केलं की नेम खाली घ्यायचा, खाली घातलं की वर. काळजाची गोळी पुढच्या पायामागे, खालच्या बाजूला. ती थोडी लांबूनही चालते, पण काळीज फुटलं तरी तो दोनशे पावलं धावतो, आणि कुणाच्या अंगावर धावायचं ते त्याचं तो ठरवतो. तिरपा असेल, मध्ये झुडूप असेल, मागे दुसरा असेल, तर मुकाट्याने बंदूक खाली.

हे सगळं आमच्या मुरांडा सार्जंटने घोकून घेतलेलं. चांदमारीत मी पहिला आलो होतो, तेही सांगून टाकलं. ग्वातिद्झोने शांतपणे तपकीर ओढली आणि विचारलं, हे सगळं तू हत्तीला कधी शिकवणार? झालं, सगळी शाळा हसण्यावारी गेली. दाखवीन म्हटलं म्हाताऱ्याला.

१९ मार्च

बंदूक दोनदा पुसून ठेवली.

दिवस कलताना आजीच्या शेतात हत्ती आला. एकटाच नर, काळ्या कातळाएवढा. मी निघालो तर डबे बडवत अख्खं गाव माझ्या मागे. शेताच्या बांधाशी थांबलो. तो पलीकडे झाडीच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून तिरपा, मध्ये मोपानेचं झुडूप. अंतर साठ पावलं. ज्वारीतून आणखी चाळीस पावलं तरी पुढे जायला हवं होतं, तो वळेपर्यंत थांबायला हवं होतं. मला काय ते माहीत नव्हतं? माहीत होतं. पाय उचलले नाहीत. घाबरलो मी, दुसरं काही नाही. आणि मागे सगळं गाव बघतंय, तेव्हा बंदूक खाली घ्यायचीही लाज वाटली. झाडली.

ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज आला. तो ओरडला नाही. सावकाश वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. डबे बडवणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे. मग झाडीत गेला. लोकांनी जल्लोष केला. मला खांद्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

२० मार्च

ग्वातिद्झोबरोबर सकाळपासून माग काढला. रक्तात चघळलेला चारा होता. पोट फुटलंय. असा हत्ती मरतो, पण रडतखडत मरतो. मातीत पाऊल स्पष्ट उमटलेलं, तळव्याच्या भेगा आपल्या हातावरच्या रेषांसारख्या. टाचेशी दोन भेगा एकमेकींना छेदून गेलेल्या. ते पाऊल आता मी कुठेही ओळखीन.

दुपारी झाडी अशी दाटली की पाच पावलांपलीकडचं दिसेना. मी म्हटलं, परत फिरू. म्हातारा म्हणाला, गोळी तुझी आहे सोको, माझी नाही, पण आणखी थोडं जाऊ. मी नको म्हटलं. परतताना त्याने एकही थट्टा केली नाही.

२२ मार्च

जेवून बोरीखाली आडवा झालो होतो. जाग आली तर कमरेपासून पायापर्यंत मोपानेच्या फांद्या. ताज्या, नीट एकावर एक रचलेल्या. ग्वातिद्झोचाच चावटपणा म्हणून तडक त्याच्या घरी गेलो आणि शिव्या घातल्या. तो हसला नाही. उठून माझ्याबरोबर आला आणि फांद्या पाहिल्या. मनगटाएवढ्या जाड, कोयत्याने तोडलेल्या नव्हेत, पिळून मोडलेल्या. बोरीभोवती पावलं होती. टाचेशी दोन भेगा.

म्हातारा खाली बसला. म्हणाला, हत्ती आपल्या मेलेल्याला पाला घालतात. माणूस मारला तर त्यालाही घालतात. मी म्हटलं, पण मी मेलेलो नाही ना! तो म्हणाला, हत्ती चुकत नाही, सोको.

२३ मार्च

सकाळी पाणवठ्यावर चारचौघांची विचारपूस केली. कुणी उत्तर दिलं नाही. भांडण असल्यासारखं नाही, हो. ऐकूच आलं नसल्यासारखं. न्होंगो आजीने जेवण आणलं, दाराबाहेर जमिनीवर ठेवलं आणि पाठ फिरवून पुटपुटत गेली. आमच्यात पितरांना ठेवतात तसं.

संताप आला. हा काय पोरखेळ लावलाय? चिपानेरांकडे गेलो. त्यांनी टोपी काढली आणि माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत म्हणाले, चांगला मुलगा होता.

२५ मार्च

काल घरात निजलो, कडी लावून. उजाडता जाग आली ती छातीवरच्या ओझ्याने. गळ्यापर्यंत पाला. पानं लाळेने ओली. कडी होती तशीच. उंबऱ्याशी पावलं आलेली दिसतात. गेलेली दिसत नाहीत.

२६ मार्च

गिधाडांवरून हत्ती सापडला. ग्वातिद्झो दारात येऊन नुसता उभा राहिला, मी मागून गेलो. कोरड्या ओढ्यात पडलाय, फुगलेला, पोटावर माझ्या गोळीचं भोक. म्हातारा म्हणाला, गोळी लागली त्याच रात्री गेला हा, सात दिवस झाले. मी तळवा पाहिला. टाचेशी दोन भेगा.

सात दिवस. मग बोरीखाली कोण आलं होतं?

त्याच्यावर फांद्या रचल्या होत्या. आणि त्याच्या शेजारी आणखी एक ढीग, माणसाच्या लांबीचा, आतून पोकळ. ग्वातिद्झोने माझ्याकडे पाहिलं नाही. ढिगाला टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि माझं नाव घेतलं.

२८ मार्च

भर दुपारी तोच आला. अंगणात. मी रायफल घेऊन दारात. वीस पावलांवर थांबला, आडवा झाला, कान मागे घेतला. डोळा, कानाचं भोक, मधली रेघ, सगळं मुरांडाने फळ्यावर काढल्यासारखं. याहून चांगली गोळी कुणाला मिळत नाही. मारली. जिथे बसायची तिथेच बसली, कानशिलावर धूळ उडाली. तो उभाच. दुसरी मारली. धूळ उडाली. मग त्याने बोरीची फांदी मोडली आणि माझ्याकडे चालायला लागला, घाई न करता.

मी रडलो. लिहायला लाज नाही वाटत.

२९ मार्च

रेवाई आली! फाट्यावर धावत गेलो. बायका आधीच पोचलेल्या. त्यांनी तिला चटईवर बसवलं आणि एकेकीने हात हातात घेऊन दुखवटा केला. रेवाई भडकली. म्हणाली, डोकी फिरली का तुमची, नवरा समोर उभा आहे माझा! ती अशी ओरडली तेव्हा मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! माइदेईला कडेवर घेतलं. नाकाला चावली.

उद्याच्या लॉरीने तिघेही परत जायचं. चुलीत गेली नोकरी.

३० मार्च

लॉरी आली नाही.

सकाळी रेवाईने मला पाल्याखालून ओढून काढलं. मग जाऊन बायकांत चटईवर बसली. दुपारी अंगणात लोक जमले. ग्वातिद्झो माझा गणवेश घालून आला, माझी टोपी, खांद्यावर काठी. माझ्यासारखा छाती काढून चालला. अंतर मोजलं, साठ, मग चांदमारीत पहिला आलो म्हणून ओरडला आणि पाय लटपटत ठो केलं. लोक हसत होते, रडत होते. रेवाईलाही हसू फुटलं. हुबेहूब होतं ना ते. आणि हसता हसता ती कोसळली, हंबरडा फोडून. त्याच्याकडे बघून. मी तिच्या शेजारी होतो. दंड धरून हलवत होतो. रेवा, अगं रेवा, मी इकडे आहे —

३१ मार्च

रेवाईने डोकं भादरून घेतलं. मी बोलतो, ती ऐकत नाही. ती सोंग करत नाही, तिला खरंच ऐकू येत नाही.

माइदेईला दिसतो मी. हात पसरते. सगळे म्हणतात पोर हवेत काय बघते. दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसलो. एवढं एक राहिलंय माझं.

१ एप्रिल

तिला कुशीत घेऊन डोळा लागला.

जागा झालो तर माझ्यावर पाला. आणि तिच्यावर एक डहाळी. लहानशी. नीट ठेवलेली.

नाही. नाही. तिने काय केलंय? तिला हात लावू नका. मी जातो. त्याला मी पाहिजे ना? मग जातो ओढ्यावर, निजतो त्या ढिगात. ती जिवंत माणसांत राहू दे —

२ एप्रिल

ओढा. सकाळ.

माझा ढीग तसाच आहे. त्याच्या शेजारी आणखी एक. हातभर लांबीचा.

उपसून फेकला. आत कोणी नाही, देवा, अजून कोणी नाही.

तो आलाय. चार पावलांवर. दोन पावलांवर. सगळ्या गोळ्या संपल्या. डोळ्यात मारली, कानात मारली, धूळ उडते —

माझ्याकडे बघतही नाही. लहान ढीग पुन्हा रचतोय. एकेक डहाळी, पानं झटकून.

मी निजलो ना माझ्या जागी! निजलो की! मग ती कशाला —

गावात ढोल सुरू झाला. कुणासाठी? माझं तर तीन दिवसांपूर्वीच झालं —

मी काढतो, तो ठेवतो. मी काढतो. हात भरून आलेत. तो दमत नाही. मी काढतो, तो —